एफएनडीचं निदान झालंय, थेरपीचा नंबर लागायचाय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कोल्हापूरची. मंगळवार पेठेत राहते, एका पतसंस्थेत कॅशियर आहे. श्रावणात माझा उजवा पाय गेला, दिवाळीच्या आसपास झटके सुरू झाले आणि संक्रांतीनंतर निदानाचा कागद हातात आला. तिथून थेरपीचा पहिला नंबर लागेपर्यंत साडेचार महिने गेले. आता थेरपी चालू आहे. ते साडेचार महिने कसे काढले हे विचारायला कुणाच्या जाऊबाईंचा, कुणाच्या कॉलेजातल्या मुलीचा फोन येतच असतो. इचलकरंजी, कागल, एकदा तर थेट चंदगडहून. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवते. मी डॉक्टर नाही. औषधाचा शब्द तुमच्या डॉक्टरांचाच.

एफएनडी म्हणजे नेमकं काय?

फंक्शनल न्यूरोलॉजिकल डिसऑर्डर. मेंदू, मणका, नसा यांची बांधणी शाबूत असते, पण त्यांचं काम चालताना गडबड होते. हात-पाय उचलत नाही, थरथरतो, बधिर होतो, आवाज बसतो, बोलताना अडखळायला होतं, तोल जातो, मिरगीसारखे झटके येतात. एकाला एकच त्रास, दुसऱ्याला चार. जोडीला थकवा आणि अंगदुखी बहुतेकांना असतेच, आणि खरं सांगायचं तर पायापेक्षा थकव्यानंच मला जास्त छळलं.

डॉक्टरांनी मला कॉम्प्युटरचं उदाहरण दिलं, हार्डवेअर ठीक आहे, सॉफ्टवेअर अडकलंय. आमच्या सासूबाईंना ते काही पटलं नाही. मग दीरांनी सांगितलं ते मात्र बरोबर बसलं. उसाला पाणी पाजायची मोटर चालत नाही म्हणून वायरमन आणला. वाइंडिंग बघितलं, चांगलं. केबल चांगली. विहिरीला पाणी आहे. तरी बटण दाबलं की खटकन बंद. स्टार्टरचा रिले इतका हळवा झालेला की मोटर जळू नये म्हणून ती चालूच होऊ देत नव्हता. "वहिनींचा स्टार्टर ट्रिप होतोय," दीर म्हणाले. मेंदूचं सगळं काम एवढ्यात सांगून होत नाही हे मला कळतं, पण घरात त्या दिवसानंतर कुणी "पायाला काय झालंय तेच सापडंना" असं म्हणालं नाही.

सगळे रिपोर्ट नॉर्मल आले. मग निदान कशावरून केलं? काही सापडलं नाही म्हणून नाव चिकटवलं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि याचं उत्तर नीट कळलं तर पुढचे निम्मे प्रश्न सुटतात.

एमआरआय नॉर्मल आहे एवढ्यावर एफएनडी ठरत नाही. ते ठरतं तपासणीच्या टेबलावर. मला डॉक्टरांनी उताणं झोपवलं, उजव्या टाचेखाली हात ठेवला आणि म्हणाले, टाच खाली दाबा. मी जीव खाऊन दाबली, काही नाही. मग म्हणाले, आता त्या पायाचं सोडा, डावा पाय वर उचला. वरून त्यांनी डाव्या पायाला रेटा दिला. मी डावा उचलायच्या नादात होते. तेवढ्यात ते आमच्या ह्यांना म्हणाले, "इकडे या, इथं हात घाला." माझी उजवी टाच खाली घट्ट दाबत होती. जो पाय मी सांगून हलत नव्हता, तो दुसऱ्या पायाला आधार द्यायला आपणहून लागला होता. या खुणेला हूवर साइन म्हणतात. चार्ल्स हूवर नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं १९०८ साली ती मांडली. नसच खराब असती तर असं झालं नसतं.

थरथरीसाठी वेगळी युक्ती असते. चांगल्या हातानं ठरावीक ठेका धरायला सांगतात, मग थरथरणाऱ्या हाताची थरथर थांबते किंवा त्याच ठेक्यावर जाते. झटक्यांसाठी व्हिडिओ ईईजी, म्हणजे झटका चालू असताना मेंदूची विद्युत नोंद आणि चित्रण एकाच वेळी. मिरगीच्या झटक्यात जशी विद्युत गडबड दिसते, तशी यात दिसत नाही.

म्हणजे बघा, तुमच्या पायात ताकद आहे हे सापडलं, त्यावरून निदान झालं. मला हे कळायला महिना लागला. तोवर मी रिपोर्टची फाइल उराशी धरून 'काही सापडलं नाही' म्हणून रडत बसले होते. सापडलं होतं, आणि चांगलंच सापडलं होतं.

निदान चुकलेलं असलं तर?

चुकू शकतं, कुठलंही निदान चुकतं. २००५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये जुन्या अभ्यासांचा एकत्र आढावा आला. त्यात १९७० नंतरच्या अभ्यासांत पुढं जाऊन दुसराच आजार निघाल्याचं प्रमाण साधारण ४ टक्के होतं. तुमच्या डॉक्टरांना एकच विचारा, "कुठल्या खुणेवरून म्हणताय, ती मला दाखवाल का?" चांगला डॉक्टर दाखवतो. नुसतं "टेन्शन घेऊ नका" म्हणून कागद पुढं सरकवला असेल तर दुसरं मत घ्यायला हरकत नाही. पण दुसऱ्यानं तेच सांगितलं, तिसऱ्यानंही तेच सांगितलं, तरी चौथा एमआरआय काढायचा, हे मी केलं. तेवढ्या पैशात धाकट्याची वर्षाची फी निघाली असती.

म्हणजे मी नाटक करतेय असंच ना?

नाही. नाटक करणारा मुद्दाम करतो. एफएनडीत हालचाल आपल्या हुकमाबाहेर गेलेली असते. मेंदूच्या स्कॅनवर झालेल्या अभ्यासांत, 'ही हालचाल मीच करतोय' ही जाणीव ज्या भागांतून येते तिथलं काम वेगळं चाललेलं दिसलेलं आहे.

लोक बोलतात, बोलणारच. आमच्याकडं एक नात्यातले आले, चहा घेतला आणि जाताना म्हणाले, "मघाशी तर किचनपर्यंत बरी चालत गेली की." गेले होते. दूध उतू चाललं होतं. दूध उतू जाताना पाय चालतो आणि एरवी चालत नाही, हाच तर आजार. त्या दिवशी मला तसं तोंडावर सांगता आलं नाही, म्हणून इथं सांगते.

जुन्या डॉक्टरांनी कागदावर 'कन्व्हर्जन' लिहिलंय. शेजारचे 'हिस्टेरिया' म्हणतात. तेच का हे?

घराणं तेच, समज मात्र बदललीय. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात एकोणिसाव्या शतकात शार्को नावाचे मोठे न्यूरॉलॉजिस्ट या रुग्णांचा अभ्यास करत. मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड त्यांच्याकडं शिकून गेले, आणि १८९५ साली ब्रॉयर या डॉक्टरांसोबत त्यांनी मांडलं की मनातलं दाबलेलं दुःख शरीरात उतरतं. 'कन्व्हर्जन' शब्द तिथला. मग शंभर वर्षं डॉक्टर दुःख शोधत बसले, सापडलं नाही तर रुग्णावर संशय. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ सालच्या निदानपुस्तिकेत मानसिक धक्का सापडलाच पाहिजे ही अट काढून टाकली आणि तपासणीतल्या खुणांना महत्त्व दिलं. 'हिस्टेरिया' हा शब्द मूळ ग्रीक गर्भाशयावरून आला. बायकांत हा आजार जास्त दिसतो हे खरं, पण पुरुषांनाही होतो. माझ्या फिजिओकडं तालमीतला एक गडी येतो. मांडी माझ्या कमरेएवढी, आणि हात उचलत नाही.

माझ्या आयुष्यात कसलाही धक्का नाही, तरी का झालं?

कुणाकुणाला लहानपणचा छळ, घरातलं मरण, नोकरीतला जाच असतो. कुणाला पाय मुरगळल्यावर, अर्धशिशीच्या झटक्यानंतर, तापातून उठल्यावर किंवा पहिल्या पॅनिक अटॅकनंतर सुरू होतं. कुणाला काहीच सापडत नाही. माझा पाय स्कूटरवरून पडून मुरगळला होता. तीन आठवडे जपून टाकला, आणि मग तो परत यायचं विसरला. तुमच्या घरचे कारण शोधत बसले असतील (सासू, लग्न, अभ्यास, मोबाइल), तर त्यांना सांगा, आता आग विझवायची आहे, काडी कुणी ओढली हे थेरपीत बघता येईल.

थेरपी म्हणजे काय मिळणार, आणि एवढं थांबायला का लागतं?

त्रासावर अवलंबून आहे. झटक्यांसाठी बहुधा सीबीटी, म्हणजे विचार, भीती आणि वागणं यांची साखळी ओळखून तोडायला शिकवणारं बोलणं. चालणं, ताकद, थरथर यासाठी एफएनडी माहीत असलेला फिजिओ. आवाज-बोलण्यासाठी स्पीच थेरपिस्ट. जादू कशातच नाही. ब्रिटनमध्ये ३६८ रुग्णांवर सीबीटीचा मोठा अभ्यास झाला. तो २०२० साली आला. वर्षाअखेर झटक्यांच्या संख्येत ठाम फरक सिद्ध झाला नाही, पण रोजचं जगणं, त्रासाचं ओझं अशा बऱ्याच बाबतीत सीबीटीवाले पुढं होते. मला हे आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मी पहिल्या दिवशी झटके मोजायला वहीच घेऊन गेले होते.

थांबायला लागतं कारण हे काम जाणणारी माणसं थोडी आहेत. मला मिळालेल्या मानसशास्त्रज्ञ पंधरा दिवसांतून एकदा पुण्याहून येतात. तोपर्यंत सीपीआरमध्ये, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, मानसोपचाराची ओपीडी आहे. ते शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढायचा. तिथं सीबीटीचे बारा आठवडे मिळतील असं नाही, पण झोप, चिंता, उदासी यांवर उपचार तिथंच सुरू होऊ शकतात, आणि ते सुरू झाले की थेरपीला पाया मिळतो. एकाच ठिकाणी नंबर लावून बसू नका. मिरज-सांगलीकडंही विचारा, व्हिडिओवर थेरपी देणाऱ्यांकडंही. कुणी नंबर सोडला तर मला फोन करा, असं रिसेप्शनवर सांगून ठेवा. मला दोन आठवडे आधीचा नंबर असाच मिळाला, कुणीतरी रद्द केला म्हणून.

तोवर घरी काय करू?

इथं जरा सविस्तर लिहिते.

एफएनडीत लक्ष हीच खरी अडचण असते. पायाकडं बघत, पायाला हुकूम देत चालायला गेलं की पाय अडतो. लक्ष दुसरीकडं गेलं की सुटतो. टाचेखाली हात घालून डॉक्टरांनी जे दाखवलं तेच, रोजच्या जगण्यात. म्हणून 'जोर लाव, मन घट्ट कर' हा घरच्यांचा सल्ला नेमका उलटा पडतो. फिजिओ पुढं जे करून घेतात त्याचं तत्त्वही हेच, हालचालीकडून लक्ष काढून ते कामाकडं न्यायचं.

मी काय केलं? सरळ चालताना पाय ओढायचा, उलटं चालताना कमी ओढायचा. मग सकाळी सहाला रंकाळ्यावर. तिथं उलटं चालणारे, टाळ्या वाजवत चालणारे, हसणारे असे नाना प्रकारचे लोक असतात, त्यामुळं माझ्याकडं कुणी वळूनही बघितलं नाही. हे बरोबर असायचे, कठड्याच्या बाजूनं. आडवं चालणं, ओवीच्या ठेक्यावर पाऊल टाकणं, पाय न उचलता फरशीवरून सरकवत नेणं, असं एकेक करून बघितलं. काही जमलं, काही नाही. तोल जात असेल तर एकटीनं करू नका आणि आधी कुठल्याही फिजिओला एकदा विचारा.

दुसरं, वही. त्रासाची नोंद ठेवा असं लोक सांगतात. मी पहिला महिना ठेवली. आज किती वेळा पाय अडला, किती वेळा मुंग्या. झालं काय, दिवसभर मी मुंग्यांचीच वाट बघत बसायला लागले. शेवटी धंदा कॅशियरचा, डोक्यात आलं की ही नुसती नावेची बाजू झाली, जमेचं पान कोरंच आहे. मग वही उलटी केली आणि फक्त जमा लिहायला लागले. 'दूध उतू जाताना चार पावलं, न अडता.' 'धाकट्यानं पाल दाखवली तेव्हा पाटावरून उडी.' 'जिना उतरताना फोनवर बोलत होते, कठडा धरायला विसरले.' साडेचार महिन्यांत अडतीस ओळी झाल्या. थेरपीच्या पहिल्या दिवशी झटके मोजायच्या वहीपेक्षा ही वही मॅडमनी जास्त वेळ वाचली.

तिसरं, बऱ्या दिवसाचा मोह. एखाद्या दिवशी अंग हलकं वाटतं आणि आपण साठलेलं सगळं उरकायला घेतो. नवरात्राच्या आधी मी एका दिवसात माळा झाडला, भांडी काढली, गोधड्या धुतल्या. पुढचे पाच दिवस आडवी. आता बऱ्या दिवशीही अर्ध्यावर थांबते, वाईट दिवशीही थोडं करतेच. सांगायला सोपं आहे. कोल्हापूरच्या बाईला घटस्थापनेच्या आधी अर्ध्यावर थांबायला सांगून बघा.

झोपेची वेळ ठरलेली ठेवा. जेवण चुकवू नका.

झटका आला की घरच्यांनी काय करायचं?

आधी काय करायचं नाही ते. कांदा नाकाला लावायचा नाही. चप्पल हुंगवायची नाही. हातात किल्ल्या द्यायच्या नाहीत. दातखीळ बसली म्हणून तोंडात चमचा घालायचा नाही, पाणी ओतायचं नाही. हातपाय दाबून धरायचे नाहीत, गालावर चापट्या मारायच्या नाहीत. माझ्या पहिल्या झटक्यात हे सगळं झालं. शुद्धीवर आले तेव्हा तोंडाला कांद्याचा वास, दंडावर वळ आणि दारात अर्धी गल्ली.

आजूबाजूचं टोकदार, गरम, काचेचं लांब करायचं. डोक्याखाली मऊ काहीतरी. बघ्यांना बाहेर काढायचं. एकानं जवळ बसून हळू आवाजात बोलायचं, "तू घरी आहेस, मी इथंच आहे, थोड्या वेळात थांबेल." पुष्कळदा ऐकू येत असतं, उत्तर देता येत नाही. त्या वेळी कोण काय बोललं ते मला नंतर आठवायचं, आणि लोकांना त्याची फार लाज वाटायची. डॉक्टरांना दाखवण्यासाठी मोबाइलवर चित्रण करा, पण परवानगी आधीच घेऊन ठेवा आणि ते घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका.

एफएनडीचे झटके लांबतात, दहा-पंधरा मिनिटंही चालतात. निदान पक्कं असेल आणि झटका नेहमीसारखाच असेल तर दर वेळी दवाखान्यात पळवायची गरज नसते. मात्र डोक्याला मार लागला, ओठ निळे पडले, श्वास नीट नाही, झटका नेहमीपेक्षा वेगळा आहे किंवा बाई गरोदर आहे, तर १०८ ला फोन. झटके असणाऱ्या साधारण पाचांतल्या एकाला खरी मिरगीही असते. तुमच्या बाबतीत तसं असेल तर कुठल्या झटक्यात किती मिनिटांनी हलवायचं हे डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि फ्रिजवर चिकटवा.

झटका यायच्या आधी कळतं का? थांबवता येतो का?

काहींना कळतं, काहींना अजिबात नाही. मला कानात दडा बसल्यासारखं होतं आणि समोरचं सगळं पडद्यावर चाललंय असं वाटतं. ती वीस-तीस सेकंद कामाची असतात. आपण इथं आहोत याची मेंदूला खात्री द्यायची. पायाखालची थंड फरशी, समोरच्या पाच वस्तूंची नावं, शंभरातून सात-सात वजा करणं. माझी युक्ती पर्समधल्या चिल्लरीची. न बघता बोटांनी ओळखायचं, दोनाचं कुठलं, पाचाचं कुठलं, दहाचं कुठलं. मला दहातल्या तीन-चार वेळा उपयोग होतो. बाकीच्या वेळी झटका येतो, आणि आला तर तो माझा नापास होणं नव्हे, हे मॅडम दर भेटीला सांगतात.

मिरगीच्या गोळ्या चालू होत्या. आता बंद करू?

आपल्या मनानं नाही. एफएनडीच्या झटक्यांवर त्या गोळ्या चालत नाहीत हे खरं, पण अचानक बंद केल्यानं धोका होऊ शकतो, आणि मिरगीही असली तर त्या लागतातच. डॉक्टर टप्प्याटप्प्यानं कमी करतात. उदासी-चिंतेच्या गोळ्या दिल्या असतील तर त्या त्या त्रासासाठी आहेत. 'वेड्याच्या गोळ्या' म्हणून डब्यात लपवून ठेवू नका, मी ठेवल्या होत्या.

काठी, वॉकर, व्हीलचेअर घ्यावी का?

पडून हाड मोडण्यापेक्षा काठी बरी. पण आधाराची सवय लवकर लागते आणि शरीर त्याच्याभोवतीच चालायला शिकतं, म्हणून फिजिओला विचारून, कधी सोडायची ते ठरवून घ्या. पट्टे आणि स्प्लिंट बांधून हात-पाय जखडून ठेवू नका.

सासूबाई म्हणतात बाहेरचं आहे, एकदा बघून घेऊ. काय करू?

भांडू नका. त्यांच्या पिढीनं झटके बघितले ते अंगात येण्याच्या रूपातच. मीही अंबाबाईची ओटी भरून आले, सासूबाईंबरोबर नृसिंहवाडीलाही जाऊन आले. मनाला बरं वाटलं, आणि संध्याकाळची गोळी चुकवली नाही. देवळात जाण्यात काही बिघडत नाही. बिघडतं ते मारझोड, उपाशी ठेवणं, धुरी देणं, औषध बंद करायला लावणं इथं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण करणं, डॉक्टरी उपचारापासून अडवणं हे त्यात गुन्हे आहेत. सासूबाईंना मी कायदा सांगितला नाही. त्यांना पुढच्या भेटीला बरोबर नेलं आणि डॉक्टरांना त्यांचा हात माझ्या टाचेखाली ठेवायला लावला. रिक्षात बसल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "हाय की गं जोर पायात."

कामावर काय सांगू?

जेवढं कामाला लागतं तेवढंच. 'मज्जासंस्थेचा आजार आहे, उपचार चालू आहेत, कधी पाय अडतो, कधी झटका येतो, तेव्हा हे हे करा.' मी शाखाधिकाऱ्यांना अर्ध्या पानाचं पत्र दिलं. त्यांनी कॅश काउंटरवरून महिनाभर क्लिअरिंगला बसवलं. घरी पूर्ण बसू नका असं मी म्हणेन, जमत असेल तर. अर्धा दिवस का होईना, जावं. मुलं शाळा-कॉलेजात असतील तर वर्गशिक्षकांना आधीच भेटा, पहिला झटका वर्गात आल्यावर नाही.

गाडी चालवू का?

झटके किंवा शुद्ध हरपणं चालू असेल तर नाही, डॉक्टर हो म्हणेपर्यंत. लायसन्सच्या नमुना १ मध्ये मिरगी किंवा कुठल्याही कारणानं अचानक शुद्ध हरपते का, असा प्रश्नच आहे. माझी स्कूटर अजून पार्किंगमध्ये झाकून आहे. केएमटीच्या सिटी बसनं जाते.

मेडिक्लेम मिळतो का?

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यायला हवं. प्रत्यक्षात ओपीडीतली थेरपी बऱ्याच पॉलिसींत बसत नाही. पॉलिसीचा कागद वाचा.

आता कुठलाही त्रास झाला की तो एफएनडीच समजायचा?

मुळीच नाही. एफएनडी असलेल्याला पक्षाघात, डेंग्यू, मणक्याचा त्रास होणार नाही असं कुठं लिहिलंय? तोंड अचानक वाकडं होणं, आयुष्यातली सगळ्यात जोराची डोकेदुखी, तापासोबत गोंधळणं, छातीत कळ, पाठदुखीबरोबर लघवी अडणं किंवा मांड्यांच्या मधला भाग बधिर होणं, यातलं काहीही झालं तर लगेच दवाखाना. तिथं "हिला एफएनडी आहे" म्हणून न तपासता परत पाठवायला लागले तर ठाम सांगा, हा त्रास नवा आहे. एका ठिकाणी मला मूतखड्याच्या कळा 'मनाच्या' म्हणून परत पाठवलं होतं. सोनोग्राफीत सहा मिलिमीटरचा खडा निघाला.

रात्री फार खचायला होतं. जगून काय उपयोग असं वाटतं.

हे कुणाला तरी आजच सांगा, थेरपीच्या नंबरापर्यंत थांबू नका. टेलिमानस ही सरकारी सेवा आहे, १४४१६ वर फोन करा. चोवीस तास, फुकट, मराठीतून बोलता येतं. जिवाचं बरंवाईट करावंसं वाटत असेल तर एकटं राहू नका, घरच्याला उठवा आणि जवळच्या रुग्णालयात जा. मी एकदा रात्री पावणेदोनला हा नंबर लावला आहे. पलीकडच्या बाईंनी मला चहा करून प्यायला सांगितलं आणि मी तो पिऊन होईपर्यंत फोन चालू ठेवला.

इंटरनेटवर काय वाचू?

एडिंबराचे न्यूरॉलॉजिस्ट जॉन स्टोन यांचं रुग्णांसाठीचं संकेतस्थळ चांगलं आहे. इंग्रजी जड जात असेल तर भाचे-पुतण्यांकडून वाचून घ्या. दुसऱ्यांच्या झटक्यांचे व्हिडिओ बघत बसू नका. मी एका रात्रीत बावीस बघितले आणि दुसऱ्या दिवशी मानेला नवाच हिसका सुरू झाला.

बरं होतं का?

होतं, पण सगळ्यांचं नाही आणि सरळ रेषेत नाही. काही पूर्ण सुटतात, काहींचा त्रास कमी होऊन राहतो, काहींचा रेंगाळतो. निदान लवकर झालं आणि ते पटलं तर पुढचं सोपं जातं असं डॉक्टर सांगतात. माझा पाय आता दिवसाचा बराच वेळ माझा असतो. झटके आहेत, महिन्याला तीन-चार. निदान झालं तेव्हा आठवड्याला तेवढे होते.

पहिल्या भेटीला काय न्यायचं?

सगळ्या रिपोर्टचं गाठोडं नको. निदानाचा कागद, गोळ्यांची यादी, झटक्याचं एखादं चित्रण, आणि घरातलं एक असं माणूस जे मध्ये बोलणार नाही. जमेची वही असेल तर ती. आणि एका ओळीत लिहून न्या की बरं झाल्यावर सगळ्यात आधी काय करायचंय. 'पूर्वीसारखं व्हायचंय' असं लिहू नका, त्यावर थेरपिस्ट काम करू शकत नाहीत. मी लिहिलं होतं, जोतिबाच्या पायऱ्या. मॅडमनी विचारलं, किती आहेत? मला माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, "मग आधी तुमच्या इमारतीच्या मोजा." बावीस आहेत.